पाणी घालणे म्हणजे माया नव्हे

(बी. कॉम., अंतिम वर्ष, वडगाव)

पाणी पाजणे हे आपल्याकडे पुण्याचे काम मानतात. उन्हाळ्यात पाणपोई घालणाऱ्याला लोक दुवा देतात, दारी आलेल्या पाहुण्यापुढे आधी पाण्याचा तांब्या येतो, आणि सकाळी तुळशीला पाणी घातल्याखेरीज घरातील वडीलधारी बाई चहाचा कप तोंडाला लावत नाही. हा संस्कार चांगलाच आहे. परंतु चांगला संस्कारही डोळे मिटून पाळला की त्याची नुसती सवय होते. तुळशीकडे वळलेला हात तांब्यात उरलेले पाणी शेजारच्या प्रत्येक कुंडीत ओतत जातो. कोणाला तहान आहे आणि कोणाला नाही, हे पाहण्याचे कष्ट तो घेत नाही. या सवयीपायी आमच्या गल्लीत दरवर्षी कितीतरी कुंड्या रिकाम्या होतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या काही वर्षांत बेळगावात टांगत्या कुंड्यांची हौस फार वाढली आहे. कापडाच्या दुकानात गल्ल्याच्या वर, दवाखान्याच्या खिडकीत, मित्रांच्या भाड्याच्या खोल्यांत, जिकडे पाहावे तिकडे जाड पानांच्या वेली खाली लोंबताना दिसतात. विकणारे त्यांची इंग्रजी नावे सांगतात. एक ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्‌स’, दुसरी ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ आणि तिसरी ‘बरोज टेल’. पहिलीची पाने पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची असतात, म्हणून आमच्या घरी तिला बदामवेल म्हणतात. दुसरीला हिरव्या वाटाण्यासारखे दाणे असतात, ती मोतीमाळ. तिसरीचे नाव भाषांतर करून गाढवाचे शेपूट असेच ठेवले आहे, कारण ती दिसतेही तशीच. दीडशे-दोनशे रुपये मोजून आणलेली अशी वेल पुढच्या गणपतीपर्यंत टिकली तर नशीब. आणि तिला मारणारा कोणी निष्काळजी मनुष्य नसतो. निष्काळजी माणसाच्या घरी ती बहुधा जगते. जो रोज सकाळी न चुकता पाणी घालतो त्याच्याच घरी ती मरते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, तेव्हा वनस्पतिशास्त्राचा अधिकार सांगत नाही. परंतु घरातील चार कुंड्या चार वर्षे जगल्या आहेत आणि कोणत्या दिवशी कोणत्या कुंडीला पाणी दिले याची नोंद मी वहीत ठेवली आहे. त्या वहीवरून माझे एक मत बनले आहे, ते आपल्यापुढे मांडतो. ही वेल सांभाळणे म्हणजे हात आवरणे. हात सैल सोडणे सोपे असते. हात आवरायचा तर आधी वेलीकडे नीट पाहावे लागते, आणि तेच आपण टाळतो.

प्रथम या वेली कोठल्या, ते पाहू. बदामवेल मूळची दक्षिण आफ्रिकेकडची. जॉन मेडली वुड या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती १८८१ साली नाताळ प्रांतात खडकांवरून लोंबताना आढळली. तिच्या ‘सेरोपेजिया वुडी’ या शास्त्रीय नावात त्याचेच नाव आहे. मोतीमाळही दक्षिण आफ्रिकेचीच. तेथे तिला कोणी टांगून ठेवत नाही. कोरड्या जमिनीवर झुडपांच्या विरळ सावलीत ती पसरते आणि जागोजाग मुळे धरते. गाढवाचे शेपूट आले मेक्सिकोतून. तिघींचे मुलूख निरनिराळे, परंतु संसार एकाच पद्धतीचा. खडकाच्या फटीत किंवा रेताड जमिनीत चिमूटभर माती. पाऊस आला की मुळे क्षणभर भिजतात, पाणी लगेच वाहून जाते, आणि पुढचा पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही.

अशा ठिकाणी जगायचे तर शिल्लक हवी. ती प्रत्येकीने आपापल्या परीने ठेवली आहे. बदामवेलीच्या मुळाशी कंद असतात, शिवाय वेलीच्या पेरांवरही मण्यांएवढे छोटे कंद धरतात. यामुळे इंग्रजीत तिला जपमाळेची वेल असेही एक नाव आहे. मोतीमाळेचे पान गोल असण्यालाही कारण आहे. पोटात जास्तीत जास्त पाणी मावावे आणि उन्हावाऱ्याला कमीत कमी अंग दिसावे, यासाठी गोलासारखा दुसरा आकार नाही. मग आतल्या भागाला उजेड कसा मिळायचा? त्यासाठी प्रत्येक दाण्यावर एक अर्धपारदर्शक रेघ असते. त्या खिडकीतून उजेड दाण्याच्या पोटात शिरतो. एखादा दाणा उजेडासमोर धरून पाहा, रेघ स्पष्ट दिसेल.

आमच्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर तुळस, मोगरा, जास्वंद ही रोजंदारीवरची माणसे आहेत. आज मिळाले ते आज खर्च, उद्या पुन्हा हात पसरायचा. बदामवेलीचे मात्र बचत खाते आहे. तिच्या खात्यात शिल्लक असताना आपण रोज पैसे भरत राहिलो तर ती श्रीमंत होईल असे वाटते. तसे होत नाही, कारण तिच्या तिजोरीची जागा ठरलेली आहे. तिजोरी भरल्यावर उरलेले पाणी मातीत साचते आणि तेथूनच दिवाळखोरीला सुरुवात होते.

पाणी जपून वापरण्याची या जातीची आणखी एक युक्ती आहे, आणि तिचा एक जुना धागा आपल्या कर्नाटकाशी जुळतो. आपल्या परसात पानफुटी असते, जिला कन्नडमध्ये ‘काडुबसळे’ म्हणतात. बेंजामिन हाइने नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनी सरकारच्या काळात दक्षिण हिंदुस्थानात काम करीत होता. बंगळूरच्या लालबागेची व्यवस्थाही काही काळ त्याच्याकडे होती. त्याने पानफुटीचे पान सकाळी चावून पाहिले तर ते आंबट लागले. दुपारी तेच पान बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. ही गोष्ट त्याने १८१३ साली पत्राने लंडनला कळवली आणि १८१५ मध्ये ती लिनियन सोसायटीने छापली. या आंबटपणाचा उलगडा पुढे झाला. इतर झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात आणि त्याच वाटेने त्यांचे पाणी उडून जाते. पानफुटीसारख्या कित्येक मांसल वनस्पती दिवसा दारे बंद ठेवतात. रात्री गारव्यात ती उघडून कर्बवायू आत घेतात, आम्लाच्या रूपाने साठवतात, आणि दिवसा बंद दाराआड त्याचे अन्न करतात. आमच्या वडगावात रात्रपाळीचे माग ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे कौतुकाचे वाटणार नाही. ऊन टाळून रात्री काम केले म्हणजे घाम कमी जातो, एवढीच ती गोष्ट आहे.

आता ती मरते कशी, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण फसगत येथेच होते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळीत ती हवा असते. रोजच्या पाण्याने ती पोकळी भरून राहिली की मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. कुंडीत चिखल असतानाही वर पाने मलूल पडतात, सुरकुततात, पिवळी होतात. घरातील माणूस येतो, मलूल पाने पाहतो आणि म्हणतो, “अरेरे, तहानलेली दिसते!” आणि आणखी एक तांब्या ओततो. बुडीत खात्यात गेलेल्या पेढीला व्याज भरण्यासाठी नवे कर्ज द्यावे तसाच हा व्यवहार. आठ-दहा दिवसांत देठ काळा पडतो आणि वेल हातात येते. मग निष्कर्ष निघतो की “आमच्या हाताला झाडे लागत नाहीत.” हातात दोष नसतो. मलूल पान दिसले की पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसून पाहायचे, हे कोणी सांगितलेले नसते. माती कोरडी आणि पान मऊ असेल तर तहान, माती ओली आणि पान मऊ असेल तर कुज. पहिल्या दुखण्यावर पाणी हा उपाय आहे. दुसऱ्यावर एकच उपाय उरतो. वेलीचा निरोगी शेंडा कापून तो कोरड्या मातीत नव्याने लावायचा.

कुंडीबरोबर जी चिठ्ठी मिळते तिचाही भरवसा धरता येत नाही. एका दुकानातून आणलेल्या कुंडीवर इंग्रजीत लिहिले होते, ‘कमी उजेड चालतो, नियमित पाणी द्यावे’. दोन्ही गोष्टी उलट्या. शिवाय अशी चिठ्ठी कोणत्या गावासाठी लिहिली याचा पत्ता नसतो. वडगावच्या घरात वेल ठेवायची तर सल्लाही वडगावच्या घराला लागू पडणारा हवा.

म्हणून आधी घराचाच विचार करू. वडगाव, खासबाग, शहापूर हा साड्या विणणाऱ्यांचा पट्टा. जुनी घरे कौलारू, एकमेकांना चिकटलेली, पुढे-मागे उजेड आणि मधल्या खोलीत अंधार. विणणाऱ्याला उजेडाची किंमत चांगली कळते. ज्या घरात हातमाग होता त्या घरात तो खिडकीशी किंवा छपरातल्या काचेच्या कौलाखाली मांडलेला असे, कारण तुटलेला धागा दिसल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. कुंडी टांगण्यासाठी मी हीच कसोटी सुचवतो. जेथे बसून दिवसा दिवा न लावता तुटलेला धागा जोडता येईल तेथे वेल जगेल. जेथे धागा दिसत नाही तेथे ती फक्त शोभेपुरती काही दिवस टिकेल. आपले डोळे अंधाराला सरावतात, म्हणून खोलीत भरपूर उजेड आहे असा भ्रम होतो. खात्री करायची असेल तर दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद धरावा आणि वीतभर वर हात ठेवावा. हाताची सावली ठळक पडली तर जागा चांगली, पुसट पडली तर मध्यम, आणि पडलीच नाही तर कुंडी हलवावी. पूर्वेची खिडकी सर्वांत उत्तम. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिलचे ऊन थेट लागले तर पानांवर करपल्याचे डाग पडतात, तेथे पातळ पडदा हवा. उजेड कमी पडू लागला की वेल स्वतःच सांगते. दोन पानांमधले अंतर वाढत जाते, नवी पाने लहान येतात आणि वेल उजेडाच्या दिशेने मान काढते. ते पाहून काहीजण म्हणतात, “बघा कशी वाढली!” ती वाढ नसते, ती धडपड असते.

उजेडानंतर पावसाळा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आणि सह्याद्रीच्या पाठीला लागून आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडील हवेचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, डब्यातले मीठ ओलावते, वह्यांना वास येतो. आषाढात वडगावच्या मंगाई देवीची जत्रा भरते त्या सुमारास भिंतीसुद्धा ओल धरतात. भिंतीला ओल येते त्या दिवसांत कुंडीतील माती कशी वाळणार? माझ्या वहीत मार्च ते मे या महिन्यांत बदामवेलीला साधारण आठ-दहा दिवसांनी पाणी दिल्याची नोंद आहे. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत बारा-पंधरा दिवसांनी. आणि पावसाळ्यात तीन-तीन आठवडे काहीच नाही. तरीही हे आकडे कोणी पंचांगासारखे पाळू नयेत. खिडकी बदलली, कुंडी बदलली, की आकडे बदलतात. खरा हिशेब पानात असतो. बदामवेलीचे पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडून पाहावे. ते ताठ राहिले तर शिल्लक आहे, कागदासारखे वाकले तर पाणी द्यावे. मोतीमाळेचे दाणे टणक आहेत की किंचित सुरकुतलेत ते पाहावे. गाढवाच्या शेपटाला मात्र उगाच हात लावू नये, त्याची पाने स्पर्शाने गळतात. अशा वेळी कुंडी उचलून वजन पाहावे. पाणी दिल्यावर कुंडी किती जड लागते आणि कोरडी झाल्यावर किती हलकी, हे चार वेळा उचलल्यावर हाताला कळू लागते. किराणा दुकानातला मुलगा तराजूशिवाय पावशेर साखर हाताने ओळखतो, त्यातलाच हा प्रकार.

पाणी द्यायचे ते मात्र पोटभर द्यावे. रोज घोटभर पाणी घातले तर वरची माती ओली राहते आणि खालची मुळे कोरडी. खालच्या भोकातून पाणी गळेपर्यंत घालावे, पूर्ण निथळू द्यावे, आणि बशीत साचलेले पाणी आठवणीने टाकून द्यावे. भोक नसलेली चिनी मातीची सुंदर कुंडी म्हणजे या वेलीसाठी विहीर. आपल्याजवळ खानापूर आहे आणि तेथील मातीकामाचे नाव सर्वदूर आहे. साधी भाजलेल्या मातीची कुंडी तिच्या अंगातूनही ओल बाहेर सोडते आणि किमतीलाही परवडते. कुंडी वेलीच्या मानाने मोठी घेऊ नये, कारण जास्त माती म्हणजे जास्त ओल. मातीचे प्रमाण आमच्या घरी असे आहे: एक भाग तांबडी माती, एक भाग चाळून उरलेली जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे, आणि वर मूठभर चांगले कुजलेले शेणखत. घर बांधणीच्या जागेवर वाळू चाळल्यानंतर जी खडी उरते ती कोणी फुकटही देते. कुंडीभोवती चिलटे उडू लागली तर माती सतत ओली आहे असे समजावे. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढला तर फवाऱ्याची गरज पडत नाही. आणि ज्या घरी रांगते मूल किंवा मांजर आहे त्या घरी मोतीमाळ उंच टांगावी. दाणे वाटाण्यासारखे दिसत असले तरी ते पोटात जाणे चांगले नाही.

हे सारे एका शब्दात सांगणारी भाषा आपल्या शेजारीच आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले, परंतु गल्लीत कन्नड कानावर पडत होती आणि ती आपोआप आली. आमच्या शेजारच्या अज्जी कन्नड बोलतात. आमच्या घरात पहिली बदामवेल आली ती त्यांनी दिलेल्या वीतभर तुकड्यावरून. तुकडा देताना त्यांनी दोनच शब्द सांगितले, “नीरु साकु.” म्हणजे पाणी पुरे. कन्नडमध्ये ‘साकु’ म्हणजे पुरे, हे बेळगावात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. जेवणाच्या पंगतीत आपण सगळेच ते म्हणतो. परंतु त्याच ‘साकु’चा दुसरा अर्थ आहे सांभाळणे, पोसणे. पाळलेले कुत्रे ते ‘साकु नायि’ आणि सांभाळ करणारी आई ती ‘साकु तायि’. शब्द दोन असतील आणि उच्चार योगायोगाने एक झाला असेल, त्याची व्युत्पत्ती आपल्या कन्नड विभागातील प्राध्यापकांनी सांगावी. मला एवढेच म्हणायचे आहे की ज्याला ‘पुरे’ कधी म्हणायचे ते कळते त्यालाच सांभाळता येते, हे बदामवेलीच्या बाबतीत तरी अक्षरशः खरे आहे. मराठीतही आपण ‘अति तेथे माती’ म्हणतोच. कुंडीच्या बाबतीत ती अति ओली माती असते एवढाच फरक.

आता दोन आक्षेपांचा विचार करतो. पहिला आक्षेप असा की रस्ते रुंद करताना मोठमोठी झाडे पडत आहेत, आणि तुम्ही दिवाणखान्यातल्या कुंडीचे काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे. टांगत्या कुंडीने गावाची सावली भरून निघत नाही, आणि घरातली हवा शुद्ध होते वगैरे जाहिरातींवर माझा विश्वास नाही. परंतु ५ जूनला खड्डा खणून, रोप लावून, छायाचित्र काढून घरी जाणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना ते रोप पुढे कसे जगते हे कोठे शिकायला मिळते? ज्याला एक कुंडी वर्षभर पाहता येत नाही त्याच्या हाती वडाचे रोप दिले तर ते जगेल याची खात्री काय? शिवाय आपल्या शहराला राकसकोप आणि हिडकलहून पाणी येते आणि मे महिन्यात नळाची वाट पाहणे म्हणजे काय हे आमच्या भागातील बायकांना विचारावे. दहा दिवसांतून एक पेला पाणी मागणारे झाड घरात असावे, यात व्यवहारही आहे.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा. ही परदेशी वेल कशाला? तर आपल्या दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा आहे, बेळगाव तालुक्यातील रताळी मूळ अमेरिका खंडातली आहेत, आणि वर सांगितलेली परसातील पानफुटीही मादागास्करची. वेलीचा मुलूख पाहण्यापेक्षा ती येथे उपद्रव करते का, हे पाहावे. बदामवेल कुंडीबाहेर पसरल्याचे मी तरी आपल्या भागात पाहिलेले नाही.

परंतु स्वदेशीचा प्रश्न निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. बदामवेलीची सख्खी भावंडे आपल्या सह्याद्रीत आहेत. तिला वर्षभरात लहानसे, नळीसारखे, टोकाशी कंदिलासारखे फूल येते. त्या नळीत बारीक माश्या शिरतात, काही वेळ अडकतात आणि परागकण घेऊन सुटतात. अगदी असाच घाट आपल्याकडच्या कंदीलपुष्पाचा. दोन्ही सेरोपेजिया या एकाच कुळीतील. सह्याद्रीतली कंदीलपुष्पे उन्हाळाभर जमिनीखाली कंदाच्या रूपाने झोपतात, पाऊस पडला की उगवतात, फुलतात आणि पुन्हा नाहीशी होतात. यांतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कोठेही नाहीत आणि आता दुर्मीळ झाल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या अभ्यासाचे आणि संवर्धनाचे मोठे काम केले आहे. पावसाळ्यात आंबोली-चोर्ल्याकडे सहलीला जाणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे की असे फूल दिसले तर पाहावे, छायाचित्र घ्यावे आणि पुढे जावे. कंद उकरून कुंडीत आणू नये. तो घरात बहुधा जगत नाही आणि डोंगरावरचा एक वंश मात्र कमी होतो. तेथेही ‘साकु’ म्हणता आले पाहिजे. घरात हौस भागवायला बदामवेल आहे, तिचे पाहिजे तेवढे तुकडे करा, ती वाढतच जाते.

शेवटी एक सूचना मांडतो आणि हा लेख संपवतो. आपल्या महाविद्यालयात पाहुण्यांचे स्वागत हार-तुऱ्यांऐवजी रोप देऊन करण्याची चांगली प्रथा पडली आहे. परंतु ती रोपे विकत येतात आणि त्यांचे पुढे काय होते ते कोणी विचारत नाही. त्याऐवजी आपण महाविद्यालयात एक रोपपेढी काढावी. तिला भांडवल फारसे लागणार नाही. बदामवेलीचा दोन पेरांचा तुकडा किंवा पेरावरचा मणी ओलसर वाळूवर नुसता टेकवून ठेवला तरी महिनाभरात मुळे धरतो. मोतीमाळेची लड मातीवर गोल अंथरली की पुरे. गाढवाच्या शेपटाचे गळलेले पानसुद्धा कालांतराने रोप होते. पेढीचा नियम एकच असावा. ज्याने एक कलम नेले त्याने वर्षाने दोन परत आणून द्यावीत, एक मुद्दल आणि एक व्याज. ज्याची वेल मेली त्याला दंड नाही. परंतु ती कशाने मेली हे त्याने पेढीच्या वहीत लिहावे, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. ही वही आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ठेवू, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती तपासावी. प्रत्येक कुंडीबरोबर एक चिठ्ठी द्यावी, एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस कन्नड. तिच्यावर पाण्याचे वार लिहू नयेत. पान दुमडून पाहा, माती चाचपून पाहा, मग ठरवा, एवढेच लिहावे.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर महिन्यात, कलमे करायला हवा चांगली असते. पेढीच्या पहिल्या ठेवीसाठी आमच्या घरातून बदामवेलीची बारा कलमे मी आणून देईन. कुंड्यांची आणि वाळूची सोय मात्र इतरांनी करावी. ज्यांची तयारी असेल त्यांनी वाचनालयात माझी गाठ घ्यावी.